वाचकांची घळ

माझ्या पुस्तकात एकही चूक नाही, हे मी छातीठोकपणे सांगू शकतो. एकशे बारा पानं, चार आवृत्त्या. त्यात ऱ्हस्व-दीर्घाची एक चूक दाखवा, मी मिशी उतरवून देईन! (मला मिशी नाही. पण छातीठोकपणे बोलायची सवय नसली की माणूस असा वाहवत जातो.)

सदतीस वर्षं मी एका छापखान्यात प्रूफं तपासली. स्वभावाने इतका बुजरा की बसमध्ये "उतरायचंय" म्हणायची लाज वाटायची. पुढच्या थांब्यावर कुणी उतरलं की त्याच्या मागून उतरायचं आणि तेवढं अंतर परत चालत यायचं. स्वतःच्या कुठल्याही मताबद्दल मला कधी खात्री वाटली नाही. चहात साखर आहे की नाही हेसुद्धा मी हिला विचारून ठरवतो. पण एखादी गोष्ट एकदा छापून आली की तिच्यावर माझा गाढ विश्वास बसतो. मग ती मीच लिहिलेली का असेना. सगळा घोटाळा तिथेच झाला.

आमच्या शहरापासून मोटारीने तीन तासांवर एक राष्ट्रीय उद्यान आहे. उंच डोंगर, वाऱ्याने कोरलेले वालुकाश्माचे चित्रविचित्र खडक, आणि अगदी माथ्यावर एक पठार. त्या पठारावर वर्षातून जेमतेम बारा दिवस फुलं येतात. एकतीस वर्षांपूर्वी छापखान्याच्या मालकांच्या मनात आलं की या उद्यानावर एक मार्गदर्शक पुस्तक काढावं. लिहिणार कोण? सतत पुस्तकात डोकं घालून बसलेला माणूस समोरच होता.

मी ग्रंथालयात पाच महिने बसलो. सात पुस्तकं वाचली, दोन नकाशे अभ्यासले. उद्यानात मात्र गेलो नाही. प्रवासाची भीती, उंचीची भीती, आणि सर्वांत मोठी भीती म्हणजे तिथे कुणीतरी भेटेल आणि काहीतरी विचारेल. शिवाय जे सात पुस्तकांत लिहिलंय, ते आठव्यांदा डोळ्यांनी कशाला तपासायचं?

मालक म्हणाले की न चाललेल्या माणसाचं पुस्तक कोणी हातात धरणार नाही, प्रस्तावनेत "चाललो" असं लिहून टाका. मी दोन दिवस झोपलो नाही. एकट्याने खोटं बोलायची हिंमत होईना, म्हणून शेवटी हिला बरोबर घेतलं. मी लिहिलं, "या पुस्तकातील प्रत्येक वाट मी सपत्नीक पायी चाललो आहे."

पत्नीला हे छापून आल्यावर कळलं.

ही टपाल कार्यालयात खिडकीवर बसायची. म्हणजे अख्खं गाव रोज हिच्यासमोर रांगेत उभं. हिरव्या कव्हराचं ते पुस्तक खपू लागलं तसे लोक तिकिटं घेताना विचारू लागले. बाई, तुम्ही जाऊन आलात ना, फुलं कशी असतात हो? लहान मुलांना चढ झेपेल का? पहिले काही महिने ही गप्प बसून शिक्के मारत राहिली. मग तिने एक उत्तर शोधून काढलं. फुलांचं वर्णन सत्तेचाळिसाव्या पानावर आहे. कुणीही काहीही विचारलं की ही मान वर न करता म्हणायची, "पान सत्तेचाळीस."

नातेवाइकांना तेच. शेजाऱ्यांना तेच. निवृत्तीच्या निरोप समारंभात साहेबांनी भाषणात विचारलं, तेव्हाही तेच. सगळे हसले. ही हसली नाही, हे फक्त मला दिसलं आणि मी खाली बघून ताटलीतला वेफर मोडत राहिलो.

आपण एकदा जाऊन येऊ, म्हणजे निदान मागाहून तरी ते खरं होईल, असं ती दरवर्षी म्हणायची. दरवर्षी मला काहीतरी व्हायचं. एकदा दुसरी आवृत्ती होती. एकदा पाठ धरली. एका वर्षी तर मी फुलांचे बाराच्या बारा दिवस ताप असल्याचं सोंग केलं आणि तेराव्या दिवशी खरोखरच ताप आला.

मधूनमधून उद्यानाचा शिक्का असलेली पाकिटंही यायची. छापखान्याच्या पत्त्यावरून फिरत फिरत ती हिच्याच टपाल कार्यालयात पोचायची आणि ही ती घरी आणायची. मी ती कधी उघडली नाहीत. मला स्तुती सहन होत नाही. कान लाल होतात. सगळी पाकिटं एका बुटांच्या खोक्यात नीट ठेवून दिली. मन फारच खचलं की मी खोक्याचं झाकण उघडून नुसती बघायचो.

या वर्षी डॉक्टरांनी हिच्या गुडघ्यांचे फोटो उजेडाला धरले आणि सांगितलं की चढ चढायचा असेल तर तो याच वर्षी, पुढच्या वर्षी घरातला उंबरठासुद्धा जड जाईल. घरी येऊन हिने पर्स ठेवली आणि म्हणाली, "रविवारी जायचं. तुम्हाला ताप आला तर तापासकट. पुढच्या वेळी कुणी विचारलं तर मला खरं सांगायचंय."

माझा मेव्हणा मोटार घेऊन आला. हिचा धाकटा भाऊ, लिफ्टचा निवृत्त मेकॅनिक. तो मला गेली एकतीस वर्षं "लेखक" म्हणतो, आणि ज्या सुरात म्हणतो त्या सुरात लोक "खिसेकापू" म्हणतात. मी मात्र त्या दिवशी जय्यत तयार होतो. पुस्तक बरोबर होतं. कुठे थांबायचं, किती वाजता पाणी प्यायचं, याचा तक्ता केला होता. त्यात चुकून उतरणीचा वेळ लिहायचा राहिला, पण ते नंतर लक्षात आलं.

उद्यानाच्या फाटकापाशी तिकिटांची खोली होती आणि खिडकीखाली एक मोठी लाकडी पेटी. पेटीवर रंगवलं होतं, "हिरवे पुस्तक येथे ठेवावे." मी आत डोकावलो. माझं पुस्तक! एक नाही, चाळीसेक प्रती. कोपरे दुमडलेले, पानं मळलेली, एका प्रतीवर तर चक्क बुटाचा ठसा. म्हणजे लोक ती डोंगरावर घेऊन जातात, वापरतात आणि पुढच्या माणसासाठी इथे ठेवतात. माझ्या पुस्तकाचं फिरतं ग्रंथालय! माझे कान लाल झाले.

तिकीट देणारी वनरक्षक मुलगी, वय तिशीच्या आसपास, खांद्यावर वायरलेस, आम्हाला म्हणाली की तुमच्याकडे हिरवं पुस्तक असेल तर ते इथे ठेवा आणि मग मी काय सांगते ते नीट ऐका. तेवढ्यात तिचा वायरलेस खरखरला आणि ती बोलत बोलत बाहेर गेली. मी माझी प्रत पेटीत ठेवली नाही. लेखकाला त्याची काय गरज? उलट मी इकडेतिकडे बघितलं आणि जे आयुष्यात कधी केलं नव्हतं ते केलं. पेटीतली सर्वांत मळलेली प्रत उचलून पहिल्या पानावर लिहिलं, "वाचकास सप्रेम." खाली सही केली.

मेव्हणा फाटकापाशीच बाकावर बसला. तो म्हणाला, "लेखक, मी लिफ्टचा माणूस. जिथे बटण नाही तिथे मी वर जात नाही." आम्ही दोघं निघालो.

पहिला तास छान गेला. तांबड्या, पिवळसर खडकांचे थरावर थर, जणू कुणी न बांधलेल्या पुस्तकांच्या चळती रचून ठेवल्या आहेत. मी वाचून दाखवत होतो. हा टोपीवाला, या दोन बहिणी. हिने विचारलं की टोपीवाल्याची टोपी कुठे आहे. टोपी पडून गेली होती, बहुधा मी तिसरी आवृत्ती तपासत असताना. पण ही तक्रार करत नव्हती. दर वीस पावलांनी गुडघ्यावर हात ठेवून थांबायची, वर बघायची आणि पुन्हा चालायची. एवढ्या वर्षांत तिचा चेहरा मी असा कधी पाहिला नव्हता. रांगेत पुढे सरकणाऱ्या माणसाचा असतो ना, तसा.

मग उंटखडक आला. तो मात्र खरोखर उंटासारखा होता. तिथे वाट फुटते. आणि तिथे एक पाटी होती. पाटीवर उजवीकडे बाण आणि मजकूर, "फुलांचे पठार, दहा मिनिटे." त्याखाली वेगळ्या रंगात, वेगळ्या हाताने, "पुस्तकात काहीही लिहिलेले असो."

ही उजवीकडे वळली. मी पुस्तक उघडलं. "उंटखडकापासून डावीकडे." मी तिला थांबवलं.

"अहो, पाटी उजवीकडे म्हणतेय."

"पाटी रंगवणाऱ्याने एकदाच रंगवली असेल. मी हे तीनदा तपासलंय."

"दहाच मिनिटं आहेत. बघून येऊ. नसलं तर परत फिरू."

"नाही," मी म्हणालो. "डावीकडे."

माझ्या तोंडून एवढा ठाम शब्द निघाल्याचं पाहून मीच दचकलो. ही माझ्याकडे क्षणभर बघत राहिली. मग डावीकडे वळली. पुढे बऱ्याच वेळाने, धापा टाकत, ती म्हणाली की लग्नाला बेचाळीस वर्षं झाली, तुम्ही कधी कशाला ठाम नाही म्हणाला नाहीत. आज म्हणालात, म्हणून आले.

वाट आधी अरुंद झाली, मग उतरू लागली. पठार खाली कसं असेल, ही शंका मला आली. पण शंका मला सारख्याच येतात, त्यामुळे मी तिच्याकडे लक्ष दिलं नाही. पुढे वाळू भुसभुशीत झाली, माझा पाय घसरला आणि मी बसल्या जागी, पुस्तक छातीशी धरून, घसरगुंडीवरून यावं तसा थेट एका घळीच्या तळाशी जाऊन पोचलो. डावा घोटा मुरगळला आणि फुगला. ही हळूहळू, बसत बसत, माझ्यामागून खाली आली.

घळ तिन्ही बाजूंनी बंद होती. आत एक सिमेंटचा बाक होता. बाकाशेजारी खांबाला पितळी घंटा. खाली सूचना, "घंटा वाजवा व बसून राहा." आणि समोरच्या मऊ खडकावर, हात पोचेल तिथपर्यंत, लोकांनी नावं, तारखा आणि मजकूर कोरला होता. बराचसा मजकूर माझ्याबद्दल होता. त्यात शुद्धलेखनाच्या पुष्कळ चुका होत्या.

हिने घंटा वाजवली. मी नकाशाचं पान उघडून बसलो. आजूबाजूला पाहिलं, पान पाहिलं, पुन्हा पाहिलं. मग उन्हामुळे की कशामुळे, मी ते पान उंच धरलं आणि उजेड मागून आला. पानाच्या पाठीमागून पाहिलं तर उंटखडक बरोबर, वाट बरोबर, पठार उजवीकडे. सगळं तंतोतंत.

तेव्हा आठवलं. ग्रंथालयाबाहेर नकाशा न्यायची परवानगी नव्हती. मी ट्रेसिंग पेपरवर रेघा उतरवून घेतल्या होत्या. नावं घरी जाऊन लिहू म्हटलं. घरी जाऊन लिहिली. कागद पालथा होता.

मी हिला सांगितलं. एकतीस वर्षं, चार आवृत्त्या, पालथा कागद. मला वाटलं ती ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने गळ्यातला स्कार्फ काढला, माझ्या घोट्याला गुंडाळला आणि गाठ जरा जास्तच आवळली.

वीस मिनिटांत ती वनरक्षक मुलगी आली. धावत नाही, शोधत नाही. दूधवाला ठरलेल्या दारात येतो तशी. पाठीवर पाणी, क्रेप बँडेज आणि बिस्किटं. तिने माझा घोटा तपासला आणि नोंदवही उघडली. म्हणाली की काका, घाबरू नका, या घळीला आम्ही वाचकांची घळ म्हणतो, हंगामात दिवसाला दोन-तीन तरी सापडतातच. वहीत "वाट चुकण्याचे कारण" असा रकाना होता आणि त्यात "पुस्तक" हा शब्द आधीच छापलेला होता.

मग बँडेज बांधता बांधता ती त्या लेखकाबद्दल बोलू लागली. उद्यानाने त्याला अकरा पत्रं पाठवली होती. विनंतीची, मग कडक, मग नुसती हात जोडलेली. एकाचंही उत्तर नाही. (बुटांचं खोकं माझ्या डोळ्यांसमोर आलं. अकरा. बरोबर, अकराच.) आणि आज तर कहर झाला, ती म्हणाली. आज कुणीतरी पेटीतल्या पुस्तकावर सही करून गेलंय. म्हणजे तो माणूस इथेच कुठेतरी फिरतोय.

"मला एकच कळत नाही," ती गाठ मारत म्हणाली. "प्रस्तावनेत लिहिलंय की बायको बरोबर होती. मग त्या बाईने तरी सांगायचं ना, की अहो, इकडे फुलं नाहीत, भिंत आहे."

मी घंटेकडे बघत होतो.

"ती बाई मीच," ही म्हणाली. "मी इथे आज पहिल्यांदा येतेय."

वनरक्षक मुलगी बँडेजचं टोक हातात धरून तशीच राहिली. तिने माझ्याकडे पाहिलं. मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं, पण सदतीस वर्षं मी फक्त दुसऱ्यांच्या वाक्यांत स्वल्पविराम घातले होते. ऐन वेळी स्वतःचं वाक्य सुचलं नाही.

मुलीने वही मिटली. हिलाच म्हणाली की काकू, फुलांचे हे शेवटचे एक-दोन दिवस आहेत. काकांना स्ट्रेचर लागेल, माणसं यायला पाऊण तास तरी जाईल. मागच्या बाजूने एक सोपी वाट आहे, तिथून पठारावर मी तुम्हाला हात धरून नेते. चालाल?

मी उदारपणे "तू जा" म्हणायची तयारी केली. खरं सांगायचं तर मला वाटलं होतं की ती म्हणेल, नको, तुमच्याशिवाय नको. मी "तू" म्हणेपर्यंत ती उठून उभी राहिली होती. "जा," मी तिच्या पाठीला म्हणालो.

मी आणि घंटा. मधल्या वेळात वरून एक तरुण जोडपं घसरत आलं. हातात हिरवं पुस्तक. मी त्यांना सांगितलं की इथे काही नाही, पुस्तक चुकलंय. त्या तरुणाने अगदी नम्रपणे विचारलं, "आजोबा, तुम्हाला कसं माहीत?" मी एकतीस वर्षांत पहिल्यांदा अनोळखी माणसाला म्हणालो की मी त्याचा लेखक आहे. त्याने प्रस्तावना काढली, बोटाने ओळ दाखवली आणि म्हणाला, "लेखक प्रत्येक वाट चाललेत. सपत्नीक. तुमच्या पत्नी कुठे आहेत?"

मी म्हणालो, फुलं बघायला गेलीय.

त्या जोडप्यातल्या मुलीने मला पाणी दिलं आणि उन्हात डोकं झाकून बसायला सांगितलं. मग ते दोघं समोरच्या भिंतीत वाट शोधू लागले.

स्ट्रेचर आलं, त्यावरून मला फाटकापाशी नेलं. वाटेत ते जोडपं माझ्यामागून चालत होतं आणि माझ्या वयाच्या माणसांना एकटं सोडू नये याबद्दल आपसात बोलत होतं. मेव्हण्याने मला आडवा येताना पाहिलं. त्याने फक्त विचारलं, "लेखक, मधल्याच मजल्यावर अडकलात?"

ही आधीच परतली होती. तिचा चेहरा मला वाचता येईना. पण बुटांवर, घोट्यापर्यंत, पिवळीधमक पूड होती. पिवळी! माझ्या पुस्तकात फुलं निळी आहेत. "जणू आकाशच पठारावर अंथरले आहे," असं मी लिहिलंय.

मी काही विचारणार, तोच वनरक्षक मुलीने मला तिकिटांच्या खोलीत खुर्चीवर बसवलं, पाय स्टुलावर ठेवला, पेटीतल्या सगळ्या प्रती पुढ्यात रचल्या आणि हातात लाल पेन दिलं. म्हणाली की काकू सांगत होत्या, प्रूफं तपासता ना, मग तपासा. मी एकेक प्रत उघडून "डावीकडे" खोडत होतो आणि "उजवीकडे" लिहीत होतो. अक्षर चांगलं येत होतं. बाहेर बाकावर ही बसली होती आणि तिच्याभोवती मेव्हणा, वनरक्षक, ते तरुण जोडपं, स्ट्रेचरवाले. ही सांगत होती. हात उंच करून, मग जमिनीलगत फिरवून, मग दोन बोटांच्या चिमटीत काहीतरी अगदी लहानसं धरून दाखवत होती. मेव्हणा, जो कुणाचं दोन मिनिटं ऐकून घेत नाही, तो तोंड उघडं ठेवून ऐकत होता. खिडकीला काच होती. मला एक शब्द ऐकू आला नाही.

शेवटच्या प्रतीवर माझी सही निघाली. तिच्याखाली "चुकीबद्दल क्षमस्व" असं लिहिलं आणि पेन ठेवलं.

परत येताना मोटार मेव्हणा चालवत होता. ही मागे माझ्याशेजारी होती, बाहेर बघत, ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी ठेवून. शेवटी मला राहवेना. मी घसा साफ केला. टपाल कार्यालयाच्या खिडकीपुढे रांगेत उभा असल्यासारखं वाटत होतं.

"अगं," मी म्हणालो, "कशी होती फुलं?"

तिने मान वळवली नाही.

"पान सत्तेचाळीस."